लिंगवाढीचा व्यायाम: सुट्टी कधी, किती आणि कशी घ्यायची

लिंगवाढीच्या व्यायामाचे जे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात त्यांत रोज करा, चुकवू नका, वेळ वाढवत न्या, एवढाच धोशा असतो. कधी करू नये हे सांगणारा क्वचित भेटतो. सोलापुरात माझं औषधाचं दुकान आहे. रात्री गर्दी ओसरली की एखादा काउंटरच्या कडेला सरकतो, शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट न्याहाळतो आणि मग आवाज खाली करून म्हणतो, ‘मालक, जरा एक विचारायचं होतं.’ या मंडळींची तक्रार व्यायाम कमी पडल्याची क्वचितच असते, बहुतेकदा जास्त झाल्याची असते. कातडीवर लाल ठिपके, टोकाला बधिरपणा, सकाळची ताठरता गायब. मागतात मात्र तेल, नाहीतर ताकदीची गोळी. थांबायचा सल्ला दिला की तोंड उतरतं, कारण थांबलं की मेहनत वाया जाते असं त्यांना कुणीतरी पढवलेलं असतं.

हा लेख त्या थांबण्याबद्दल आहे. कुणी हा व्यायाम करावा असा माझा आग्रह नाही, उलट बहुतेकांना त्याची गरजच नसते. पण जे करणारच आहेत त्यांच्यासाठी सुट्टी हा व्यायामाचाच भाग आहे. १८ वर्षांखालच्या मुलांनी इथेच थांबावं. वाढ नैसर्गिकरीत्या पूर्ण व्हायच्या आधी या वाटेला जाण्यात काही अर्थ नाही.

आधी पट्टी, मग बाकीचं

सुरुवात मोजण्यापासून करा. उभं राहा, सैल लिंगाचं टोक बोटांत धरून दुखणार नाही इतपत समोर ताणा आणि पट्टी वरच्या बाजूने, ओटीपोटाखालच्या हाडाला टेकेपर्यंत दाबून लावा. ही ताणलेली लांबी ताठ लांबीच्या जवळपास असते. पोट सुटलेलं असेल तर दिसणारी आणि खरी लांबी यांत बराच फरक पडतो, कारण मुळाचा भाग चरबीत बुडतो. अशा माणसाने पंपावर (नळीतली हवा काढून लिंग ताणणाऱ्या उपकरणावर) पैसे घालण्याआधी पोट कमी करावं. नजरेला दिसेल असा फायदा त्यातून बहुधा मिळतो.

२०१५ साली ‘बीजेयू इंटरनॅशनल’ या वैद्यकीय नियतकालिकात १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा एकत्र अभ्यास आला. त्यात ताठ लांबीची सरासरी १३.१२ सेंटिमीटर आणि ताठ घेर ११.६६ सेंटिमीटर निघाला. १९९६ च्या एका अमेरिकन अभ्यासाने उपचाराचा विचार करण्यासाठी सुचवलेली मर्यादा होती ताणलेली किंवा ताठ लांबी ७.५ सेंटिमीटरपेक्षा कमी. माझ्याकडे ‘लहान आहे’ म्हणत येणारे जवळजवळ सगळे या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतात. ब्लू फिल्म बघून ठरवलेलं माप आणि डॉक्टरांच्या तक्त्यातलं माप यांचा काही संबंध नाही.

आता फायद्याचं बोलू. ताण देणाऱ्या पट्ट्याच्या उपकरणावर इटलीत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजक्या पुरुषांना रोज किमान ४ तास, असं ६ महिने ते वापरायला सांगितलं होतं. सैल लांबी सरासरी २.३ आणि ताणलेली १.७ सेंटिमीटरने वाढली. घेरात फरक पडला नाही. व्हॅक्यूम पंपाचा २००६ मधला अभ्यास ३७ पुरुषांवर झाला, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, ६ महिने. सरासरी लांबी ७.६ वरून ७.९ सेंटिमीटरवर गेली, म्हणजे नोंद घ्यावी असं काही झालं नाही. हाताने ‘दूध काढल्यासारखं’ ओढण्याचा जो प्रकार चालतो, त्याच्या बाजूने धड पुरावा नाही आणि नुकसानीच्या तक्रारी मात्र आहेत. एवढं माहीत असलं की महिन्याभरात दोन इंच सांगणारा माणूस काय विकतोय ते आपोआप कळतं.

ताण नेमका कशावर येतो

जिमवाल्या पोरांची पहिली समजूत अशी असते की हा दंडासारखा स्नायू आहे, ‘फाडला’ की जाड होतो. तसं नाही. लिंगाच्या आत दोन नळकांड्यांसारखे स्पंजाचे भाग असतात आणि खाली मूत्रनळीभोवती तिसरा. वरच्या दोन नळकांड्यांवर एक चिवट आवरण असतं, त्याला ट्युनिका आल्ब्युजिनिया म्हणतात. ते मुख्यतः कोलॅजन या चिवट धाग्यांचं, थोडं इलास्टिन या लवचिक धाग्यांचं बनलेलं. लिंग सैल असताना ते साधारण २ मिलिमीटर जाड असतं, ताठ झाल्यावर ताणून पाव ते अर्ध्या मिलिमीटरवर येतं. रक्त आत कोंडून ताठरता टिकवण्याचं काम हे आवरण करतं. व्यायामात जे काही ताणायचं असतं ते मुख्यतः हेच, आणि बिघडलं तर सगळ्यात महाग पडतं तेही हेच.

आपल्याकडे माग पाहिलेल्या माणसाला हे लवकर समजतं. ताण्याचं सूत जास्त खेचलं की तुटतं, कारागीर गाठ मारून माग पुढे चालवतो, पण ती गाठ कापडात राहते आणि बोट फिरवलं की लागते. या आवरणाला वारंवार बारीक इजा झाली की काही पुरुषांत तिथे असाच घट्ट वण धरतो. वणाची जागा ताणली जात नाही, बाकीची ताणली जाते, आणि लिंग ताठ होताना त्या बाजूला वाकतं. याला पेरोनीचा आजार म्हणतात. वाढवायला गेलेल्या माणसाची लांबी यात कमी होते.

आता वेळेचं गणित. ओढ दिल्यावर लगेच लांबी थोडी वाढलेली दिसते. ती वाढ नव्हे. कोलॅजनची उती ताणाखाली हळूहळू सैलावते आणि ताण काढला की परत येते. पंपानंतर दिसणारी जाडी तर बरीचशी कातडीखाली उतरलेलं पाणी असते. खरं काही घडायचं असेल तर ते नंतरच्या दिवसांत, उती दुरुस्त होताना. गुडघ्याच्या स्नायुबंधावर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की जोराच्या व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास कोलॅजन बनण्यापेक्षा मोडतं जास्त, त्यानंतर बनण्याचं पारडं जड होतं आणि ते तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं. हे आकडे गुडघ्याचे आहेत, लिंगाचे नाहीत. पण उती त्याच जातीची आहे, म्हणून मी दिवसाआड या नियमाला चिकटून राहायला सांगतो. मोडण्याच्या टप्प्यात पुन्हा ओढलं तर भरून यायला वेळच मिळत नाही.

मग २००९ च्या अभ्यासात रोज कसं चाललं, असा प्रश्न कुणी चलाख माणूस विचारतो. तिथे ताण फार सौम्य होता, हळूहळू वाढवलेला होता आणि डॉक्टरांची नजर होती. हलका, लांब वेळचा ताण एक गोष्ट. बाथरूमची कडी लावून दहा मिनिटांत दात-ओठ खाऊन दिलेला हिसका वेगळी.

एका बैठकीतल्या विश्रांत्या

सुरू करण्याआधी पाच-सात मिनिटं शेक द्या. सोलापुरी टेरी टॉवेल याला छान, पाणी धरून ठेवतो. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे चटका बसत नसेल तरच गुंडाळा. ज्याला मधुमेहामुळे किंवा कशानेही तिथे संवेदना कमी आहे त्याने शेक देऊच नये. भाजलं तरी कळत नाही.

पट्ट्याच्या उपकरणाची सुरुवात एकूण अर्ध्या तासाने करा आणि तोही मधे सोडून. पंधरा मिनिटं झाली की ताण काढा, उपकरण सैल करा, पाच मिनिटं मोकळं राहू द्या, टोक चोळून रक्त फिरू द्या. पुढे वेळ वाढली तरी सलग एका तासाच्या वर जाऊ नका, तासानंतर दहा-पंधरा मिनिटं पूर्ण मोकळीक. वेळ वाढवायची असेल तेव्हा ओढ वाढवू नका आणि ओढ वाढवाल तेव्हा वेळ तीच ठेवा. दोन्ही एकदम वाढवलं की दुखलं कशाने ते कळत नाही. आणि उपकरण घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. झोपेत ताठरता येते, पट्टा आवळतो आणि माणूस गाढ झोपलेला असतो.

पंपाचं वेगळं. दाब दाखवणारं घड्याळ नसलेला पंप घेऊच नका. दाब हळू चढवा, तोही ‘ओढ जाणवते पण दुखत नाही’ एवढाच. पाच मिनिटं झाली की हवा सोडा, दोन-तीन मिनिटं बाहेर काढून बघा. असे तीन फेरे म्हणजे पंधरा मिनिटं, पुष्कळ झालं. मुळाशी रबरी रिंग घालत असाल तर ती ३० मिनिटांच्या आत निघालीच पाहिजे, घड्याळ लावून. धातूची रिंग, बाटलीचं तोंड, नटबोल्टातला वॉशर असले प्रयोग नकोत. ते काढायला कटर लागतो आणि तो चालवणारा माणूस हॉस्पिटलात असतो.

आपल्याकडे बऱ्याच पुरुषांची सुंता झालेली नसते, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण परदेशी व्हिडिओत ती सापडत नाही. पंपानंतर पुढच्या कातडीत पाणी उतरून ती मेदूवड्यासारखी फुगते. अशा वेळी कातडी टोकामागे तशीच राहिली तर सुजेने अडकते, पुढे येत नाही आणि टोकाचा रक्तपुरवठा आवळला जातो. म्हणून प्रत्येक विश्रांतीत आणि शेवटी कातडी पुढे आणून ठेवायची. ती मुळातच मागे जात नसेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

विश्रांतीत बघायचं काय? टोकावर अंगठा दोन सेकंद दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा मूळ रंगाला आली पाहिजे. टोक गार लागतंय का, जांभळट दिसतंय का, बोट फिरवल्यावर नेहमीसारखं कळतंय का. यातलं एकही बिनसलं तर त्या दिवसाची बैठक संपली. राहिलेला वेळ उद्या भरून काढायचा नाही.

आठवडा आणि महिना

पहिले दोन महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार. शनिवार-रविवार सलग सुट्टी. हे वेळापत्रक कुठल्या संशोधनातून आलेलं नाही, सावधगिरीतून आलेलं आहे, आणि ते कुणाला कमी वाटलं तरी चालेल. हाताने करणाऱ्यांनी याच तीन दिवसांत, दहा मिनिटांच्या आत आणि कधीही पूर्ण ताठ अवस्थेत नाही. आवरण तेव्हा सगळ्यात पातळ असतं आणि एका चुकीच्या मोडीत फाटू शकतं.

दोन महिने काहीही तक्रार न येता गेले तर सौम्य पट्ट्याचे दिवस चार-पाच करता येतात. पंपाचे तीनच ठेवा. दर सहा आठवड्यांनी पूर्ण एक आठवडा बंद. या आठवड्याला नवखे फार घाबरतात, ‘मिळालेलं जाईल’ म्हणतात. जे आठवड्यात जातं ती सूज होती. परत सुरू करताना निम्म्या वेळेवरून करा.

मोजमाप महिन्यातून एकदा, दोन सुट्ट्यांनंतरच्या सकाळी, त्याच पट्टीने, त्याच पद्धतीने. व्यायाम संपल्या संपल्या मोजणारा स्वतःलाच फसवतो. रोज मोजणारा तर कामातून जातो.

सुट्टीच्या दिवशी काय करायचं

सगळ्यात आधी झोप. निरोगी पुरुषाला रात्री झोपेत तीन ते पाच वेळा, दर वेळी साधारण २५ ते ३५ मिनिटं ताठरता येते, त्यात स्वप्नातल्या विचारांचा हात असतोच असं नाही. सैल लिंगातल्या रक्तात प्राणवायू कमी असतो, ताठ झाल्यावर धमनीतलं ताजं रक्त आत येतं आणि स्पंजाच्या उतीला भरपूर प्राणवायू मिळतो. प्राणवायू सतत कमी पडला तर त्या उतीत वण धरण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणजे या अवयवाची दुरुस्तीची पाळी रात्रीच चालते. ज्याची स्वतःची पाळी रात्रीची आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशी माणसं ढिगाने आहेत, त्याने दिवसा अंधार करून, मोबाईल लांब ठेवून सलग सहा-सात तास झोपण्याची सोय आधी बघावी. ती होत नसेल तर व्यायामाचे दिवस दोनच ठेवावेत.

म्हणूनच सकाळची ताठरता हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मापक आहे. एखाद्या सकाळी नसली तर बिघडत नाही. पण तीन-चार सकाळी सलग नाही, किंवा आहे पण आधीपेक्षा मऊ, तर सुट्टी वाढवा. पट्टीवर अर्धा सेंटिमीटर मिळवून ताठरता घालवली तर तो व्यवहार तोट्याचा.

संबंध आणि हस्तमैथुन बंद करायची गरज नाही, हळुवार ताठरता उतीला उलट चांगलीच. फक्त गादीवर पालथं झोपून घासण्याची सवय असेल तर ती सोडा, आणि धसमुसळेपणा नको. सुट्टीच्या दिवशी ‘नुसतं तेलाने चोळतो’ म्हणणारेही असतात. चोळणंही ओढणंच आहे. ओटीपोटाखालचे स्नायू सतत आवळून ठेवण्याची सवय अनेकांना लागते, त्याने मूळ आणि वृषणाच्या मागची जागा ठणकते. अर्धा तास चाला, पोटातून श्वास घ्या, खालचा भाग सैल सोडायला शिका.

तंबाखूचं बोलल्याशिवाय सोलापुरात हा विषय पुरा होत नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आकसतं आणि जखम भरायला लागणारं रक्त या बारीक वाहिन्यांतूनच यायचं असतं. गालात मावा धरून पंप मारणारा माणूस एका हाताने पाणी ओढतो आणि दुसऱ्या हाताने नळ बंद करतो. मधुमेहाचंही तसंच, साखर चढी असेल तर कोलॅजन कडक होतं, जखम रेंगाळते आणि नसा बधिर झाल्याने दुखण्याचा इशारा मिळत नाही. चाळिशीपुढच्या माणसाने आधी साखर तपासावी. ताठरता कमी होणं ही कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली चाहूल असते, तिथे व्यायाम कामाचा नाही. खाण्यात नवलाईचं काही लागत नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे, आवळा-लिंबू-पेरू. शेंगाचटणी-भाकरी खाणाऱ्याला पावडरीचा डबा विकत घ्यायची गरज नाही.

उन्हाळ्यात मी तर सरळ महिनाभर बंद ठेवायला सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, जांघेत घाम मुरतो, गजकर्ण होतं. मग कुणीतरी दुकानातून ‘ती’ लाल-पिवळी ट्यूब नेतो, जिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर तेज स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून महिनोन्‌महिने लावत राहतो. स्टेरॉइडने तिथली कातडी कागदासारखी पातळ होते. अशा कातडीवर पंप लावला की ती फुटते. एक तरुण मला फोटो दाखवायला आला होता, मुळाभोवती गोल चिरा पडलेल्या, वर चुन्यासारखं काहीतरी लावलेलं. पंप नवा होता, कातडी जुनी दुखणाईत. गजकर्ण असेपर्यंत पट्टा नाही, पंप नाही, आणि ट्यूब डॉक्टरांना विचारूनच.

काही गोळ्या, काही फवारे

दुकानदार म्हणून हे स्पष्ट सांगतो. व्यायामाआधी दुखण्याची गोळी घेऊ नका, दुखणं हा राखणदार आहे. ‘टायमिंगचा’ स्प्रे मारून तर कधीच नाही, त्यात बधिर करणारं औषध असतं आणि इजा होत असताना कळतच नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल, रक्तस्रावाचा किंवा सिकलसेलचा आजार असेल, तर पंप वर्ज्य. सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, घेऊन डॉक्टरांना न विचारता पंप किंवा रिंग लावणं धोक्याचं, आणि छातीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिलला हातही लावू नये. लिंगात तेल किंवा व्हॅसलिन टोचून घेण्याचा प्रकार कुणी सुचवला तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. आत गाठी होतात आणि त्या कापून काढाव्या लागतात.

एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर जी पत्रकं चिकटवलेली असतात त्यांच्याबद्दल एकच. १९४५ च्या औषध नियमावलीच्या ‘जे’ (J) परिशिष्टात ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांची यादी आहे, आणि त्यात लिंगाचा आकार सुधारण्याचा दावा नावानिशी आहे. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा वेगळाच. पत्रक छापणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच त्यावर पत्ता कमी आणि मोबाईल नंबर मोठा असतो.

बिघडलं तर किती थांबायचं

बारीक लाल ठिपके म्हणजे केशवाहिन्या फुटल्या. आठवडाभरात जातात. ते पूर्ण गेल्यावर आणखी दोन दिवस थांबून, कमी दाबावर सुरू करा. काळं-निळं पडलं असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला गार शेक, दहा-दहा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नको, गरम शेकही तेव्हा नको.

टोकाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर संवेदना पूर्ण परत आल्यावरही एक आठवडा बंद. दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल तर डॉक्टर.

वरच्या बाजूला दोरीसारखी कडक, दुखरी शीर हाताला लागली तर वरच्या शिरेत रक्त गोठलेलं असण्याची शक्यता असते. बहुतेकदा ते चार ते आठ आठवड्यांत आपोआप विरतं, पण दाखवून खात्री करून घ्या, आणि तोवर व्यायाम, संबंध, सगळंच बंद. ती शीर चोळून ‘मोकळी’ करायला जाऊ नका.

ताठ होताना दुखतं, आत वाटाण्याएवढी कडक जागा लागते किंवा नवाच वाक आला आहे, तर हा व्यायाम कायमचा थांबला असं समजा आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. ताठ अवस्थेचे वरून आणि बाजूने असे दोन फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तपासणीच्या खोलीत ताठरता येत नाही, डॉक्टरांना वाक दाखवायचा तो फोटोतूनच. पेरोनीच्या उपचारात कधी कधी डॉक्टर स्वतःच ताणाचं उपकरण देतात. ते त्यांच्या देखरेखीत, त्यांनी सांगितलेल्या वेळेपुरतं.

आणि काही गोष्टींना रात्र काढायची नाही. ‘कट्’ असा आवाज होऊन ताठरता एकदम उतरली आणि लिंग वांग्यासारखं जांभळं सुजलं, तर आवरण फाटलेलं असतं. त्याला लवकरात लवकर शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला तर वाक आणि कमजोरी मागे राहते. लघवीतून किंवा लघवीच्या वाटेने रक्त, लघवी अडणं, चार तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता, मागे अडकलेली कातडी, न निघणारी रिंग, काळपट गार टोक, या सगळ्यांत त्याच तासाला निघायचं.

सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला, तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो. केसपेपरच्या खिडकीवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही, ‘लघवीच्या जागेला मार लागलाय’ एवढं पुरतं. आतल्या डॉक्टरला मात्र खरं सांगा. पलंगावरून पडलो, बैलाने लाथ मारली, असल्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकलेल्या असतात आणि त्यात तुमचाच वेळ जातो. काय वापरलं, किती वेळ, किती दाबावर आणि दुखणं नेमकं कधी सुरू झालं, हे कागदावर लिहून न्या. शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं तेही लिहा, भूल द्यायची वेळ आली तर ते विचारतातच. चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर असू द्या.